ज्योत्स्नाबाईंचा भुंगा

ज्योत्स्नाबाई जन्मल्या लोणीत आणि नांदायला आल्या त्याही लोणीतच. फरक एवढाच, की माहेर लोणी देवकरचं, इंदापूर तालुक्यातलं, आणि सासर लोणी भापकरचं, बारामती तालुक्यातलं. लग्न ठरलं तेव्हा त्यांची मावशी म्हणाली होती, "बरं झालं, गावाचं नाव तरी नव्यानं पाठ करायला नको." पोरगी बारावी झालेली, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. आणि स्वभाव असा, की एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाईपर्यंत घास गोड लागायचा नाही. अशा माणसांचं जगात फारसं भलं होत नाही, पण हे त्यांना सांगायला जावं तर तेही ती मनावर घेतात.

नवरा सोमनाथ माळेगावला कारखान्यात कामाला होता. बाईंना एका संस्थेच्या बालवाडीत नोकरी लागली ती नव्वद सालानंतर वर्षा-दोन वर्षांनी. बालवाडी होती गावाबाहेर धनगरवस्तीवर, बिरोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या एका खोलीत. बौद्धवस्तीतली बाई आपल्या पोरांना शिकवणार म्हटल्यावर वस्तीवरच्या काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाईंनी पोरांची नाकं पुसली, नखं कापली, डोकी विंचरून उवा काढल्या. महिनाभरात आठ्याही गेल्या आणि उवाही. त्यानंतर बायका दारात उभ्या राहून बाईंशी सुखदुःखाचं बोलायला लागल्या.

आणि मग सिद्धू आला.

सिद्धू म्हणजे मानसिंग आणि सारजाचा पोरगा, पाच वर्षांचा. दिसायला इतका गोड की नवीन माणूस हमखास त्याला जवळ घ्यायचा, आणि घेतला की हात चोळत सोडायचा. सिद्धू चावायचा. पाट्या फेकायचा, सुकडीची ताटली उलटी करायचा, एका जागी पाच पळं टिकायचा नाही, आणि कुणी धरायला गेलं की डोकं भिंतीवर आपटून घ्यायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं छकुलीच्या दंडावर दात उमटवले. छकुली चंद्राबाईची नात, आणि चंद्राबाईच्या तोंडाला सगळी वस्ती वचकून होती. तिनं बाईंना ऐकवलं, "एक तर ते येडं हितं बसंल न्हायतर आमची पोरं बसतील. दोन्ही व्हायचं न्हाय."

बाईंनी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. त्याला कारण होतं. सिद्धूच्या पायाच्या घोट्याभोवती त्यांनी एक करकोचा पाहिला होता.

त्या सिद्धूच्या घरी गेल्या. मानसिंगच्या बापानं, ज्ञानूनं, जन्मभर मेंढरं राखली होती. तो वारल्यावर मानसिंगनं मेंढरं विकून विहीर पाडली आणि शेती धरली. नवरा-बायको दिवस उगवायला रानात जायची. घरी राहायची ती ज्ञानूची बायको, बानूबाई. तिचे गुडघे गेलेले, आणि विहीर अंगणापासून चार ढांगांवर, कठडा न बांधलेली. पोरामागं धावणार कोण? म्हणून बानूबाई त्याला खाटेच्या पायाला बांधून ठेवायची.

"लोकरीची दोरी हाय बाई, मऊ," म्हातारी म्हणाली. "कोकराला बांधत्यात ती. लागत न्हाय." आणि मग थोडं थांबून, "हिरीत जाण्यापरीस बरं न्हवं का?"

याला काय उत्तर द्यायचं? म्हातारी दुष्ट नव्हती, हेच जास्त अवघड होतं. दुष्टाशी भांडता तरी येतं. बाईंना एवढंच कळलं, की सिद्धू बालवाडीत असतो तेवढाच वेळ मोकळा असतो. बालवाडीतून नाव गेलं की पोराला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत दोरी.

त्याच पावसाळ्यात बारामतीला बालवाडीच्या बायांसाठी योगाचं शिबिर निघालं. शिकवणारे सर निवृत्त ड्रिल मास्तर होते, अंगानं वाळलेले पण बसले की हलायचे नाहीत. पन्नास बाया पदर खोचून एका पायावर झाड होऊन उभ्या राहिल्या आणि एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. सर हसू देत. हसणं ओसरलं की म्हणत, "दांडगट पोराला शांत बस म्हणू नका. शांत बसणं त्याला येत असतं तर ते बसलं नसतं का? त्याला काहीतरी करायला द्या. मांजर करा, झाड करा, भुंगा करा. श्वास आपोआप वळणावर येईल." भुंगा म्हणजे डोळे मिटायचे, बोटांनी कान बंद करायचे, ओठ मिटून 'म्म' असा आवाज लांबवायचा. आतल्या आत तो घुमतो आणि बाहेरचा गलका दूर जातो.

सरांनी आणखी एक गोष्ट बजावली होती, की आधी घरच्यांना बोलवून हे सगळं दाखवा. खेड्यात पोर डोळे मिटून बसलं की माणसं भलतंसलतं समजतात.

बाईंनी ही एवढीच गोष्ट केली नाही. केली नाही म्हणजे विसरल्या नाहीत. त्यांनी विचार केला, की आपण बौद्ध. आपल्या वस्तीत विहारात ध्यानाला बसतात हे सगळ्या गावाला ठाऊक. आपण धनगरांच्या पोरांना डोळे मिटायला शिकवतोय म्हटल्यावर उद्या कुणीतरी म्हणणार, बाई पोरं बाटवायला निघाली. त्यापेक्षा खेळ म्हणू. मांजराचा खेळ, झाडाचा खेळ, भुंग्याचा खेळ. खेळाची चौकशी कोण करतंय?

सगळी पोरं खेळ शिकली, सिद्धू सोडून. झाड झालेल्या पोरांना तो ढकलून पाडायचा. मांजर झालेल्यांच्या पाठीवर बसायचा. बाई रोज घरी येऊन सोमनाथला सांगायच्या, आज चावला नाही, आज नुसता थुंकला. सोमनाथ म्हणायचा, "मग प्रगती आहे की." बाईंना त्याचा राग यायचा, पण खरं तर त्याही तेच मोजत होत्या.

तोवर बाईंना एक कळलं होतं. सिद्धू उगाच चवताळत नव्हता. चार जण एकदम बोलले, पत्रा वाजला, मागून कुणी हात लावला, की तो बिथरायचा. आवाज त्याला टोचायचा. भादव्यातल्या एका दुपारी पाऊस असा आला की पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पोरं आनंदानं ओरडायला लागली. सिद्धू टेबलाखाली घुसला आणि कानांवर मुठी मारून घ्यायला लागला. बाई पदर आवरून टेबलाखाली गेल्या. त्याला हात लावला नाही. शेजारी बसल्या, स्वतःचे कान बंद केले आणि भुंगा झाल्या.

सिद्धू थांबला. बघत राहिला. मग हळूच पुढं सरकला आणि त्यानं आपला कान बाईंच्या गळ्याला लावला.

पाऊस थांबेपर्यंत तो तसाच होता. दुसऱ्या दिवशी तो स्वतः टेबलाखाली गेला, बोटं कानांत घातली आणि एक बारीक, चिरका 'म्म' काढला. त्यानंतर तो जमेल तिथं भुंगा व्हायला लागला. एकदा छकुलीनं त्याची जागा घेतली. त्यानं हात उगारला, सगळ्या पोरांनी श्वास रोखला, आणि सिद्धू मटकन खाली बसून डोळे मिटून गुणगुणायला लागला. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पोरांसमोर रडायचं नाही असा त्यांचा नियम होता. त्या दिवशी नियम मोडला, पण पाठमोरा मोडला.

चंद्राबाईनं बाईंना डबाभर शेंगदाण्याची चटणी आणून दिली. चुकलं हा शब्द चंद्राबाईच्या तोंडात नव्हता, चटणी होती. बाईंनी बानूबाईला निरोप धाडला, आता घरी बांधू नका, पोरगं सुधारतंय. बानूबाईनं उलट निरोप दिला, बघू.

नवरात्र तोंडावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सिद्धू बालवाडीत आला तो बापाच्या खांद्यावर बसून, कपाळभर भंडारा लावलेला. मागून गुडघे धरत बानूबाई. तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत आली, आणि मानसिंगनं पोराला खाली ठेवल्यावर तिनं आपल्याच नातवाच्या पायावर डोकं टेकलं.

"आजी, हे काय?" बाईंनी विचारलं.

म्हातारीचे डोळे भरलेले होते. काल दुपारी ती सिद्धूला बांधायला गेली. पोरगं आधी हिसके देत होतं, मग एकाएकी खाली बसलं. डोळे मिटले, कानांवर हात घेतले, अंग जरासं डोलायला लागलं आणि घशातून हुंकार निघाला. तो हुंकार बानूबाईनं ओळखला. ज्ञानूच्या अंगात बिरोबाचं वारं यायचं तेव्हा अगदी असंच व्हायचं. आधी डोळे मिटायचा, मग कान झाकायचा, मग हुंकार. दसऱ्याला सगळा भावकीचा मेळा त्याच्यापुढं बसायचा, आणि तो पुढच्या वर्षीचं सांगायचा, पाऊस कुठं, रोगराई कुठं. तो गेला आणि घरातलं वारं गेलं. किती वर्षं झाली, कुणाच्याच अंगात आलं नाही.

"आता ह्याच्यात आलंय," ती म्हणाली. "दोरी जाळून टाकली म्या. देवाला बांधत हुते मी, बाई. देवाला."

दोरी जाळली, हे ऐकून बाईंना एका मनानं फार बरं वाटलं. मग दुसरं मन जागं झालं.

"आजी, ते वारं नाही. तो खेळ आहे, भुंग्याचा. मीच शिकवलाय. मानसिंगदादा, बारामतीला शिबिर झालं, तिथं योग शिकवला, त्यातलाच हा. मन शांत होतं त्यानं." आणि बाईंनी सगळ्या पोरांना खेळ करायला सांगितला. खोलीभर पोरं कानात बोटं घालून गुणगुणली. अर्धी हसत होती, दोन भांडत होती.

बानूबाईनं सगळं नीट पाहिलं. मग म्हणाली, "शिकवलं आसंल. पन समद्यांना शिकवलंय न्हवं? मग ह्या पोरांचं बघा की. ह्यांचं तोंडातल्या तोंडात हाय. माज्या सिद्धूच्याच आत का उतारलं?"

खरंच, त्याच्याच आत का उतरलं होतं?

मानसिंग अदबीनं म्हणाला, "बाई, तुमी वाईट वाटून घेऊ नका. पन खेळच हुता तर इतकं दिस सांगितलं का न्हाय?"

याचं उत्तर होतं, पण ते तिथं उभं राहून देण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी सोमनाथनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा नेहमीचा विनोद बाजूला ठेवून तो म्हणाला, "हे बघ, यात पडू नकोस. आज तुला बाई बाई म्हणतात. उद्या म्हणतील, आमच्या देवाला खोटं म्हणती. मग तुझी बालवाडी राहील बाजूला आणि दोन वस्त्यांची भांडणं लागतील."

"आणि पोराचं?"

"पोराची दोरी सुटली ना?"

सुटली होती. हे मात्र खरं होतं, आणि बाई त्या खऱ्याला धरून चार दिवस कशाबशा राहिल्या. सिद्धूला आता कुणी बांधत नव्हतं. नवससायास करणाऱ्या बायका त्याला खारीक-खोबरं देत होत्या. चंद्राबाईसुद्धा छकुलीला म्हणायची, त्याच्या वाटेला जाऊ नगं. पोरगं बावरून सगळ्यांकडे बघायचं. बाईंना वाटायचं, होईल हळूहळू सगळं विसरून. पण त्यांना झोप लागत नव्हती, कारण दसऱ्याला काय असतं हे त्या जाणून होत्या.

दसऱ्याला ढोल असतात. साधे नाहीत, कमरेला बांधलेले थोरले ढोल, आणि त्यांच्या जोडीला कैताळ, पितळी थाळ्यांसारखे, एकमेकांवर आपटले की कानाचे पडदे हलतात. आणि रीत अशी, की वारं आलं असं दिसलं की ढोल थांबवायचे नाहीत, उलट जोर धरायचा, देव बोलेपर्यंत वाजवत राहायचं.

बाई देवळाशी गेल्या. गर्दीच्या कडेला उभ्या राहिल्या. मधोमध घोंगडीवर सिद्धू, नवा सदरा घातलेला, भंडाऱ्यानं पिवळा झालेला. बानूबाई त्याच्यामागं हात जोडून. ढोलावर पहिली थाप पडली तसा तो दचकला. कैताळ वाजले. त्यानं लगेच डोळे मिटले, कान झाकले, ओठ मिटले. बाईंनी शिकवलं होतं तसंच, बरोबर. आवाज नको झाला की भुंगा व्हायचं.

"आलं, आलं," माणसं म्हणाली, आणि ढोलांनी जोर धरला.

तो जितका आत जायला बघत होता तितका बाहेरचा आवाज वाढत होता. बाईंना त्याचा गळा ताणलेला दिसत होता, पण त्याचं गुणगुणणं ऐकू येत नव्हतं. त्यालाही येत नसणार. मग त्यानं डोळे उघडले आणि गर्दीत शोधत शोधत बाईंकडे पाहिलं. बाई पुढं झाल्या. मानसिंग आडवा आला. त्यानं त्यांना हात लावला नाही, नुसते हात जोडले.

"बाई, पाया पडतो तुमच्या. आता मधी येऊ नका. देव खवळंल, आन् मग मला भावकीत उभं करनार न्हाईत."

बाईंना त्याला ढकलून जाता आलं असतं का? आलं असतं, असं पुढं आयुष्यभर त्यांना वाटत राहिलं. त्या क्षणी मात्र पाय हलले नाहीत. सोमनाथचे शब्द आठवले, दोन वस्त्या आठवल्या, आणि समोर हात जोडून उभा असलेला हा भला माणूस. भंडारा उधळला जात होता. शेवटी सिद्धूनं किंकाळी फोडली आणि प्रश्न विचारायला वाकलेल्या भावकीतल्या आबांच्या हाताला असा चावला की रक्त आलं. ढोल थांबले. आबा हात धरून म्हणाले, "वारं कवळं हाय. बोलायचं न्हाय इतक्यात. अवसेला पुन्हा बसवा."

अमावास्येला बसवलं. मग पुन्हा एकदा बसवलं. बाई मधल्या काळात बारामतीला सरांकडे जाऊन आल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

तिसऱ्यांदा ढोल वाजले तेव्हा सिद्धूनं कान झाकले नाहीत, डोळे मिटले नाहीत, तोंड उघडं टाकून बसून राहिला. आबांनी ठरवलं, वारं गेलं. का गेलं, याची चर्चा वस्तीवर पुष्कळ झाली. कुणी म्हणालं घरात विटाळ झाला, कुणी म्हणालं दोरी बांधल्याचा कोप. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही, पण चार-दोन बायकांनी दारात थांबणं सोडलं.

बालवाडीत सिद्धू आता पहिल्यापेक्षा वाईट झाला. पत्र्यावर चिमणी बसली तरी उसळायचा. त्यानं एका पोराच्या गालाचा लचका तोडला, आणि दुसऱ्या दिवशी चंद्राबाईसकट सगळ्या आया पोरांना घेऊन बाहेर बसल्या. दिवाळी होऊन गेली होती, मुदत संपली होती. संस्थेच्या सुपरवायझर बाई आल्या, त्यांनी बाहेर बसलेली पोरं पाहिली, आत बसलेलं एक पोर पाहिलं, आणि निकाल दिला, की सिद्धूचं नाव काढा. दोरी जळालेली होती. मानसिंगनं बाजारातून नवी आणली, नायलॉनची.

ज्योत्स्नाबाई पुढं बरीच वर्षं त्या खोलीत शिकवत होत्या. मांजर शिकवलं, झाड शिकवलं, पोरं आणि त्यांच्या मागची पोरं एका पायावर उभी राहिली. भुंगा मात्र त्यांनी पुन्हा कुणाला शिकवला नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, विसरले.

विसरल्या नव्हत्या. सिद्धूचं नाव काढलं त्याच आठवड्यात एका दुपारी बालवाडी सुटल्यावर त्या मानसिंगच्या अंगणात गेल्या होत्या. बानूबाईनं त्यांना बसायला पोतं दिलं, चहा ठेवायला उठली, आणि चुलीपासूनच म्हणाली, "आलं हुतं गं पोरी. माज्या म्हाताऱ्याचंच हुतं. मी काय वळखणार न्हाय?" बाईंना म्हातारीचा राग यायला हवा होता, तोही आला नाही.

सिद्धू खाटेशी बसला होता. बाई त्याच्या शेजारी मातीत बसल्या, पावसाच्या दिवशी बसल्या होत्या तशा, हात न लावता. त्याच्या घोट्याकडे बघवेना. मग त्यांनी कानांत बोटं घातली, डोळे मिटले आणि अगदी हळू, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू गुणगुणायला सुरुवात केली.

सिद्धू झटकन गुडघ्यांवर उभा राहिला. त्यानं एकदा देवळाच्या दिशेला पाहिलं आणि आपला मळका तळवा बाईंच्या तोंडावर गच्च दाबला.

"नगं बाई," तो कुजबुजला. "गप बस. ढोलवालं येत्यात. तुला बी बसवत्यात."

बाई गप्प झाल्या. तरी त्यानं हात काढला नाही.